पेटीतला खण: चोळी रद्द, कुंची पक्की

घडीचा तिढा सुटला! कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या ज्या खणाचं, म्हणजे चोळीच्या पारंपरिक कापडाचं, काय शिवावं म्हणून मी मागच्या वेळी एवढं रडगाणं गायलं होतं, त्याची आता भाचीच्या बाळासाठी कुंची (डोक्यावरून पाठीवर उतरणारं टोपडं) होतेय. चोळी, पोटली, लॅपटॉपची पिशवी, सगळं बाद.

पन्हा, म्हणजे रुंदी, 31 इंच, लांबी जेमतेम 80 सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. पण खरी अडचण लांबीची नव्हतीच. आईच्या पेटीत वर्षानुवर्षं एकाच घडीत राहून कापड बरोबर मध्यावर आडवं विरलंय. उजेडासमोर धरलं की रेघ दिसते. कडेचा उभा धागा जाळून पाहिला तर केस जळल्याचा वास आला, म्हणजे रेशीमच. आडव्या घडीवर नेमके तेच धागे मोडलेत. चोळीत ही रेघ कशीही फिरवली तरी मुंढ्यापाशी (बाही जोडतात तिथे) नाहीतर छातीवर येत होती, आणि सगळा ताण तिथेच. पोटलीचं म्हणाल, तर हातमागाच्या खणाचे काठ कापून पोटल्या करणं मला पटतच नाही. त्यासाठी यंत्रमागावरचा पॉलिस्टर खण मीटरवर मिळतो की.

कुंचीला मुळात आयत लागतो. मुंढा नाही, बाही नाही. कापड उभं धरलं की दोन्ही काठ आपोआप चेहऱ्याच्या दोन बाजूंनी खाली उतरतात, आणि बुट्टी (विणलेली नक्षी) कुठेच उलटी होत नाही. हे सुचल्यावर टेप घेऊन बसले. रेघ वरून 15¾ इंचांवर. वरून 7¼ इंच काढून टाकले तर ती 8½ वर येते. अर्धा इंच डोक्याच्या शिवणीत गेला की आठ, म्हणजे थेट गळ्याच्या चुण्यांवर! तिथे पट्टी येणारच असते. खाली पुरेसा घेर, शिवणीआधी एकूण लांबी 24¼. मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण गळ्यालाच तर ओढ बसते. म्हणून रेघेच्या मागे दोन इंची मलमलची पट्टी हाताने धावदोऱ्याने लावली आणि चुण्यांच्या दोन ओळी घातल्या, एक रेघेच्या अर्धा इंच वर, एक अर्धा इंच खाली. विरलेल्या जागेत मशीनची सुई शिरतच नाही, ओढ मागची पट्टी घेते. सुई 11 नंबरची. 14 नंबरने रेशमात भोकं दिसतात, आधी कडेच्या कातरणावर पाहून घ्या.

अस्तर हवंच, कारण खणाच्या उलट बाजूला नक्षीचे सुटे धागे असतात आणि बाळाची बोटं त्यात अडकतात. ऑनलाइन ‘शुद्ध मलमल’ म्हणून मागवलेलं कापड काडीला लावलं तर वितळून टणक मणी झाला. परत पाठवलं. सुती कापड कागदासारखं जळून मऊ राख पडते. ही परीक्षा अस्तराच्या प्रत्येक खरेदीला करा. शेवटी रविवार पेठेत हाताळून घेतलं, ते धुऊन, आटवून मगच बेतलं.

डोक्याची शिवण सरळ मागे नेली तर साडेपंधरा इंचांचं लांबलचक टोक होतं. म्हणून चेहऱ्याकडून आठ इंच शिवण आणि उरलेलं मागे चुण्यांनी गोळा केलं. त्यावर गोंडा यायचाय. गोंडा मी विकतचा लावणार नाही, तयार गोंड्यांचा रंग बरेचदा पहिल्याच धुण्यात उतरतो.

गळ्यावरच्या पट्टीसाठी सॅटिनची रिबीन आणून ठेवली होती. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं, वरून काढलेला 7¼ इंचांचा तुकडा तसाच पडलाय, आणि त्याच्या दोन्ही टोकांना काठ आहेत! त्यातून दीड इंच रुंद पट्टी निघेल. शिवणीसाठी दोन्हीकडे पाव इंच धरून दोन इंच कापायची. काठाची टोकं पुढे, जोड मागे चुण्यांत. रिबीन रद्द. नाडीही रद्द, बाळाच्या गळ्याशी लोंबतं काही नको. हनुवटीखाली टिचबटण, तेही मागे चिंधी घालून घट्ट टाकलेलं.

मग सव्वापाच इंच उरतात. झबल्याचा योक (छातीवरचा वरचा भाग) होईल, पण खण अंगाला टोचतो. बहुधा बाळंतविड्याच्या दुपट्यावर मधोमध पट्टा लावीन. काठ जुळला तर फोटो टाकते.