आमची वाटचाल आणि १८ किलो गॅसची गोष्ट

आमचं काम म्हणजे कोल्ड स्टोरेजची कंडेन्सिंग युनिट (कॉम्प्रेसर आणि उष्णता बाहेर फेकणारा कंडेन्सर असलेलं मशीन) बसवणं आणि त्याहून जास्त म्हणजे त्यावरचं बारकं सामान सांभाळणं. कटआऊट (प्रेशर हद्दीबाहेर गेलं की मशीन बंद करणारा स्विच), सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), ड्रायर (ओलावा आणि कचरा पकडणारा फिल्टर), ऑइल सेपरेटर, क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरच्या तळाचं ऑइल गरम ठेवणारा), विजेचं पॅनल. कॉम्प्रेसरकडे सगळे बघतात, ह्या सामानाकडे कोणी बघत नाही, आम्ही त्याच्यावरच धंदा उभा केला आणि मला त्याचा अभिमान आहे.

सुरुवात २००८ ची, पिंपळगाव बसवंत. मी आणि पार्टनर, दोघं सातपूर आयटीआयचे, एकाच बॅचचे. एक बाइक आणि सेकंडहँड व्हॅक्यूम पंप, पण प्रेशर बघायचं गेज मात्र कोरं घेतलं, कारण पार्टनर म्हणायचा खोटं दाखवणाऱ्या गेजपेक्षा पाइपला हात लावून बघितलेलं बरं. ते गेज आजही माझ्या बॅगेत आहे, होज चारदा बदलले.

पहिलं गिऱ्हाईक अण्णा. स्वतःची द्राक्षबाग, दोन चेंबरचं प्रीकूलिंग (तोडलेली द्राक्षं लगेच थंड करायची सोय). तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. लाइट गेली की हीटर पण बंद, तासन्तास मशीनमधला थंड करणारा गॅस ऑइलमध्ये मुरत बसायचा आणि लाइट आली की ऑपरेटर लगेच बटण दाबायचा, क्रँककेसमध्ये फेस, ऑइल निघून जायचं, बेअरिंगचे हाल. आम्ही अण्णांच्या हीटरची लाइन इन्व्हर्टरवर घेतली, १०० वॅटच्या आसपासची तर गोष्ट. त्यांचा तो कॉम्प्रेसर अजून उघडलेला नाही. (सीझन संपला की मेन स्विच पाडून घरी जाणाऱ्यांना सांगतो, मशीन चालू करायच्या आदल्या दिवशीच हीटर लावा.)

आता २०१२ चा हिवाळा. एका मोठ्या स्टोरेजला आम्ही ४०४ए गॅसवर युनिट बसवलं. कोटेशनमध्ये फॅन सायकलिंगचा प्रेशर स्विच (थंडीत प्रेशर पडलं की कंडेन्सरचे फॅन बंद करणारा) होता, मालकांनी तो काढायला लावला, म्हणाले गरम प्रदेशात थंडीचा स्विच कशाला. पार्टनर म्हणाला त्याच्याशिवाय युनिट हँडओव्हर करू नको. मी केलं. ती चूक माझी. आपल्याकडे निफाड पट्ट्यात पहाटे पारा ५ च्या खाली जातो आणि एप्रिलात त्याच युनिटला ४० डिग्रीची हवा खायची असते, हे मला माहीत असून मी गप्प बसलो.

डिसेंबरात त्या युनिटची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) निम्म्या रेटने दुसऱ्या कंत्राटदाराला गेली. पहाटे फॅन सुसाट चालायचे, हेड, म्हणजे कंडेन्सरच्या बाजूचं प्रेशर, १२०-१३० पीएसआयवर यायचं, एक्स्पान्शन व्हॉल्व्हला (जिथून लिक्विड चेंबरच्या कॉइलमध्ये सुटतं) पुरेसं लिक्विड जाईना, साइट ग्लासमध्ये (लिक्विड बघायच्या काचेत) बुडबुडे आणि एलपी, म्हणजे लो प्रेशर कटआऊटवर ट्रिप. त्या कंत्राटदाराच्या पोराने बुडबुडे बघितले आणि आणखी गॅस मारला. पुन्हा ट्रिप, पुन्हा गॅस. अहो, बुडबुडे दिसले म्हणजे गॅस कमीच असं नसतं, आधी हेड बघा, बाहेरची हवा किती आहे बघा, ड्रायरच्या दोन्ही बाजूंना हात लावून फरक बघा, मग सिलेंडरला हात घाला!

मार्चमध्ये ऊन चढलं. रिसीव्हर (लिक्विड साठवायची टाकी) गच्च, उरलेलं लिक्विड कंडेन्सरमध्ये तुंबलेलं, मग हेड वाढणारच, एचपी (हाय प्रेशर) कटआऊट ४०० ला ट्रिप मारायला लागला. तो बिचारा त्याचं काम करत होता. कंत्राटदाराच्या लोकांनी तो डायरेक्ट केला, म्हणजे लाल वायरचा तुकडा टाकून निकामी केला, आणि ओव्हरलोडचा (जास्त करंट आला की मोटर बंद करणाऱ्याचा) डायल फिरवून शेवटाला नेला. आठ दिवसांत कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग जळालं, आत कंटेनरचा माल भरलेला.

आणि नाव कोणाचं आलं? आमचं. युनिट आम्ही बसवलेलं ना. आमचं राहिलेलं पेमेंट अडवलं, मार्केट यार्डात आमच्या नावाने बोंब, भर सीझनमध्ये पाच गिऱ्हाइकं गेली. मी पॅनल उघडून वायर दाखवली तर मालक म्हणाले ती तुम्हीच आत्ता टाकली असेल. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

रिसीव्हरवर मी मार्करने लिहिलेलं होतं, चार्ज (भरलेला गॅस) १८ किलो. मी म्हणालो गॅस रिकव्हर करतो आणि तुमच्यासमोर मोजतो. ते वजनकाटा पण देईनात. अण्णांना कळलं तर त्यांनी स्वतःच्या पॅकहाऊसचा क्रेट मोजायचा काटा पिकअपमध्ये टाकून आणला आणि मोजून होईपर्यंत उन्हात उभे राहिले. २७ किलो निघाला! अण्णा एवढंच म्हणाले, "नऊ किलो काय हवेतून आला का?" मालक काही बोलले नाहीत, पेमेंट पण दिलं नाही, आजपर्यंत नाही.

त्या वर्षी व्हॅन विकली. पार्टनर गल्फला गेला, भांडून नाही, घर चालवायला. अण्णांनी मात्र पुढच्या वर्षीची एएमसी एप्रिलातच ॲडव्हान्स दिली, त्यावर दोन पोरांचा पगार निघाला. नंतरची वर्षं बरी गेली, काम वाढलं, आज आम्ही सात जण आहोत.

तेव्हापासून फॅन सायकलिंगच्या स्विचशिवाय आम्ही युनिट हँडओव्हर करत नाही, हेड १८० च्या खाली गेलं की फॅन बंद, गिऱ्हाईक नको म्हणालं तर ऑर्डर सोडतो. जानेवारीत प्रत्येक युनिटचे फॅन मुद्दाम बंद करून, गेजवर नजर ठेवून, एचपी कटआऊट खरंच तोडतो का ते बघतो, आणि तारीख पॅनलच्या दारावर आतून लिहितो. कटआऊटची कॅपिलरी (प्रेशर पोचवणारी बारीक नळी) पाइपला घासते का बघा, तिथूनच फुटते. पॅनलची ग्लँड (वायर आत जायची जागा) बंद ठेवा, कॉन्टॅक्टरमध्ये (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये) मुंग्या आणि पाली जातात.

अण्णांचा मुलगा आता तिसरा चेंबर काढतोय. पार्टनर दिवाळीला घरी येणार आहे, पाइपिंगचं ड्रॉइंग त्याला पाठवलंय, त्याने रिसीव्हर एक साइज मोठा घे म्हणून कळवलंय आणि मी तो घेतलाय.