नकाशा दोन दिवसांत, कागद अकरा महिन्यांनी

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरामागच्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. विहीर, न्हाणी, एखादा कडुनिंब, जनावरं असतील तर गोठा, असं सगळं तिथे असतं. गेली काही वर्षं मी याच सांदवाड्यांत छोटी घरं काढून देते. कुणाला म्हाताऱ्या आईबापासाठी हवं असतं, कुणाला लग्न झालेल्या धाकट्यासाठी, तर कुणाला माहेरी परतलेल्या बहिणीसाठी. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, आतच संडास-न्हाणी आणि समोर छपरी, एवढंच. माझ्यासाठी हेच माझं करिअर आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

सिव्हिलचा डिप्लोमा, नागपूरला ठेकेदाराकडे पाच वर्षं साइटवर, २०२० मध्ये गावी परत, मग घरांचे नकाशे काढायचा परवाना. हे सगळं नीट पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडले ते पहिल्याच कामात, आणि असं अडले की त्याचा राग अजून गेला नाही.

काम आमच्याच गल्लीतल्या काकूंचं होतं. गुडघे गेलेले, मुलगा-सून-नातवंडं समोरच्या घरात. न्हाणी सांदवाडीच्या पार टोकाला. मला म्हणाल्या, "पोरी, मले मोठं घर नाही पायजे. रात्री उठलं का पावसात बॅटरी घेऊन जा लागते, तेवढं चुकव." मी दोन दिवसांत नकाशा काढला. बाहेरून १४ बाय २२ फूट, म्हणजे ३०८ चौरस फूट. घरकुलाचं किमान माप २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट असतं, त्यापेक्षा थोडं मोठं. न्हाणीचा दरवाजा तीन फुटी, उंबरठा नाही, भिंतीला धरायला दांडा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये फाइल घेऊन ग्रामपंचायतीत गेले. डिसेंबर २०२० ची राज्याची एकत्रीकृत बांधकाम नियमावली आल्यानंतर खेड्यातल्या छोट्या भूखंडावरच्या घरासाठी नगररचना कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. मालकीचा कागद, नकाशा आणि परवानाधारक तंत्रज्ञाचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं, शुल्क भरायचं. मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

क्लार्कने कपाटातून कर आकारणीची जुनी वही, म्हणजे नमुना ८, काढली. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पानं पिवळी. काकूंच्या घराच्या ओळीवर त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, हे नाव तं मेलेल्या माणसाचं हाय." नाव काकूंच्या सासऱ्यांचं होतं. ते १९९८ मध्ये वारले. काकूंचे यजमान २०१४ मध्ये गेले. घरपट्टी दरवर्षी भरली जात होती आणि पावती मात्र सासऱ्यांच्या नावानेच फाटत होती. चोवीस वर्षांत हे कुणाला खटकलं नाही. घरपट्टी घेणाऱ्यालाही नाही.

त्याच ओळीत पुढे माप होतं: ३० बाय २२, मातीचे घर. वाचून माझ्या पोटात गोळा आला. जागा ३० बाय ५० फूट आहे. मागची ३० बाय २८ ची सांदवाडी वहीत कुठेच नव्हती, कारण पट्टी फक्त बांधलेल्या घराची लागायची. म्हणजे ज्या जागेवर मी घर काढलं होतं, ती कागदावर जागाच नव्हती.

हे वाचणाऱ्याने एवढं तरी आधी करावं. नमुना ८ चा उतारा आजच काढा आणि त्यावरचं नाव, माप, चतुःसीमा स्वतः वाचा. आणि नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीचा, घराचा. तलाठ्याकडचा आठ-अ हा शेतीच्या खात्याचा. आमच्याकडे दोन्हीला "आठ" म्हणतात आणि लोक हमखास चुकीचा घेऊन येतात.

आता सांगते ते खरं अडणं. आमच्या गावात स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली होती. त्याआधी प्रत्येकाने आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. त्यातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, तयार झालं. त्यात काकूंची जागा पूर्ण आली, १३९ चौरस मीटर, सांदवाडीसकट. मी आनंदाने ते कार्ड नेऊन दाखवलं. पण धारकाचं नाव परत सासऱ्यांचंच. कार्डांसाठी नावं घेतली होती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरूनच. मेलेल्या माणसाचं नाव एका वहीतून उचलून दुसऱ्यात नेऊन ठेवलं होतं.

ग्रामसेवक म्हणाले, "आता कार्ड आलं ना, तेच खरं. आधी भूमी अभिलेखातून कार्डावर वारस चढवून आणा, मग मी माझ्याकडे करतो."

भूमी अभिलेखमधले बाबू म्हणाले, "आमच्याकडे नाव ग्रामपंचायतीतून आलं. आधी तिथला नमुना दुरुस्त करून आणा."

मी परत ग्रामपंचायतीत. परत तालुक्याला. गावातून तालुक्याची एसटी सकाळी सातला, दुसरी थेट दुपारी. ग्रामसेवकांकडे दोन गावांचा कारभार, आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. मंगळवारी गेलं की साहेब पंचायत समितीत मीटिंगला. शुक्रवारी गेलं की क्लार्क रजेवर आणि कपाटाची चावी त्याच्याकडे. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मार्चमध्ये ग्रामसेवकांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी दप्तराचा ताबा घेईपर्यंत कुठल्याच कागदावर सही नाही. मी डायरीत फेऱ्या लिहून ठेवल्या आहेत: ग्रामपंचायतीत १७, तालुक्याला ९. प्रत्येक वेळी उत्तर तेच, पहिले त्यांच्याकडून आणा. एकाही माणसाने मला कागदावर लिहून दिलं नाही की हे काम मी करणार नाही. त्यामुळे ज्याच्याविरुद्ध अपील करायचं, तेच हातात नव्हतं.

या काळात काकू रोज संध्याकाळी दारात बसून असायच्या. मी दिसले की काही विचारायच्या नाहीत, नुसतं पाहायच्या. ते मला जास्त लागायचं.

वाट मिळाली ती मैत्रिणीच्या वडिलांकडून. ते अशाच खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "तोंडी बोलणं बंद कर. दोन्ही कार्यालयांत एकाच दिवशी लेखी अर्ज दे, एकाच्या अर्जाला दुसऱ्याच्या अर्जाची पोच जोड, आणि शेवटी लिही की नकार असल्यास कारणासह लेखी कळवावे." पोच म्हणजे आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. तिन्ही असल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. मी तसंच केलं. पंधरा दिवस काही आलं नाही, तेव्हा दोन्ही पोचांच्या झेरॉक्स लावून गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज दिला. तिथून ग्रामपंचायतीला पत्र आलं आणि विषय मासिक सभेत घेतला गेला. मे महिन्याची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, अर्धे सदस्य लग्नांत होते. ठराव झाला जूनच्या शेवटी. अर्ज फिरत होता सात महिने आणि ठराव लिहायला वहीतल्या सहा ओळी पुरल्या.

मधलं एक राहिलं. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला लागतो, आणि तो गावात मिळेलच असं नाही. नोंद जिथे मृत्यू झाला तिथली. काकूंचे सासरे नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात वारले, त्यामुळे दाखला नागपूरहून आणावा लागला. आम्ही उगाच आठ दिवस गावचं रजिस्टर चाळत बसलो.

आणि मुलींची नावं वगळू नका. काकूंच्या दोन नणंदा आहेत, एक अमरावतीला, एक छिंदवाड्याला. शेजारच्यांनी सल्ला दिला, त्यांचं नाव कशाला घालता, उगा अडकाल. मी ऐकलं नाही. बापाच्या घरात त्यांचा हक्क आहे, आणि लपवलेला वारस पुढे हरकत घेऊन उभा राहिला तर बांधलेलं घर वादात जातं. दोघींना फोन केला. छिंदवाड्याच्या आत्याबाई स्वतः आल्या, सही केली, आणि वहिनीच्या नव्या खोलीत आपल्यालाही माहेरपणाला झोपायला जागा राहील का, एवढंच विचारलं. आम्ही चौघांची नावं चढवली आणि बांधकामाला सगळ्यांची संमती लेखी घेतली. कुणाला हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं, नुसत्या स्टॅम्पवरच्या सहीला अर्थ नाही.

ठरावाची प्रत घेऊन भूमी अभिलेखात गेले. हरकतीची नोटीस निघाली, मुदत संपली, कार्डावर नावं आली. ऑक्टोबर २०२३. बांधकामाची मुभा त्यानंतर चार दिवसांत मिळाली. चार दिवसांत! म्हणजे काम होण्यासारखं होतंच.

घरातली अडचण वेगळी होती आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सून रडत होती. "लोकं काय म्हनतील, सासूले मागं टाकलं म्हून." वेगळी चूल म्हणजे वाटणी, असं गावात समजतात. मी तिला नकाशा समजावला: छपरीचं तोंड समोरच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडे, मधे मोजकी पावलं, काकूंनी हाक मारली तर ऐकू येईल. ओटा छोटा ठेवला, चहा-दूध गरम करण्यापुरता. ती दोनदा अंगणात पावलं मोजून आली आणि मग तयार झाली. आता मी कुठलंही काम घेताना सुनेशी आधी बोलते. नवरा आणि सासरे होकार देऊन मोकळे होतात, दिवसभर त्या दोन घरांत ये-जा तिलाच करायची असते.

बांधकामाचं थोडक्यात. आमच्याकडे गाव पांढरीवर आणि शेत काळीवर असं म्हणतात, पण गावठाणाच्या कडेच्या सांदवाडीत वर दोन फूट पांढरी आणि खाली काळी निघते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरची भिंत कोपऱ्यातून तडकते. मिस्त्री म्हणत होता, एवढ्याशा खोलीला काय करता. मी ऐकलं नाही. काळी काढून मुरूम भरून कुटला, चारही बाजूंनी प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा, फिरवला, आणि पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरू नये म्हणून भोवताली उताराची फरशी केली. दोन पावसाळे गेले, भिंतीला केसाएवढीही रेघ नाही.

ऊन हा आमचा दुसरा शत्रू. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. न्हाणी मी मुद्दाम पश्चिमेला ठेवली, म्हणजे दुपारनंतरचं ऊन तिच्या भिंतीने खावं आणि झोपायची खोली वाचावी. छताजवळ झरोके, स्लॅबवर दर उन्हाळ्यात चुना. टिनाचं छप्पर स्वस्त पडतं, पण म्हाताऱ्या माणसाला टिनाखाली झोपवू नये, हे माझं पक्कं मत आहे. कुणाला मातीची आणि कवेलूची, म्हणजे कौलांची, भीती वाटत असेल तर सेवाग्रामची बापू कुटी पाहून या. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. माती, बांबू, कवेलू आणि छपराची खाली उतरलेली पाख, एवढ्यावर ती कुटी आजही थंड आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात शंकूच्या आकाराची कवेलं एकात एक बसवून कमानीचं छत करतात. काकूंकडे तो बेत जमला नाही, त्या प्रकारचा कारागीर मिळाला नाही. एका तरी घरावर मला ते करायचं आहे.

पैशांचंही सांगते, कारण नव्या मुली विचारतात. पहिल्या कामाचे मी नकाशाचे चार हजार घेतले आणि कागदांच्या फेऱ्यांचे काहीच नाही. तसं करू नका. कागदाचं काम हे काम आहे, त्याचे वेगळे पैसे सांगा आणि आधी सांगा. लोक देतात.

रेती पावसाळ्याआधी आणून ठेवा. पावसात नदीवरचे रेतीघाट बंद असतात आणि नंतर भाव विचारायची सोय राहत नाही.

काकू फेब्रुवारी २०२४ मध्ये मागच्या खोलीत राहायला गेल्या. नव्या नमुना ८ चा उतारा मी त्यांना वाचून दाखवला. आरसीसी खोली, न्हाणी, छपरी, मोकळी जागा. धारकांत त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि परत वाच म्हणाल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, त्या घराच्या कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदाच आलं होतं.

काल शेजारच्या गावचे एक भाऊ आले होते, आईसाठी सांदवाडीत खोली काढून द्या म्हणाले. मी नमुना ८ मागितला. त्यावर त्यांच्या आजोबांचं नाव आहे. मंगळवारी त्यांच्याबरोबर ग्रामपंचायतीत जायचं आहे, अर्जाच्या दोन प्रती घेऊन.