आधी टेप, मग ट्रॅक

ट्रॅक, म्हणजे एका बाजूच्या सगळ्या चाकांवरून फिरणारा रबरी पट्टा, बसवण्याचं काम आम्ही ठरवून सुरू केलं नाही. सुरुवातीची दोन-अडीच वर्षं आमच्याकडे पाण्यात आणि चिखलात चालणाऱ्या सहाचाकी, आठचाकी गाड्या यायच्या त्या साखळ्या नाहीतर बेअरिंग बदलायला. या गाड्यांची पुढची चाकं वळत नाहीत. एका बाजूला ब्रेक लागतो, दुसरी बाजू ढकलत राहते आणि गाडी फिरते. एका बाजूची सगळी चाकं साखळ्यांनी एकमेकांशी जोडलेली, त्यामुळे त्यांचे फेरे सारखेच. हे आम्हाला तोंडपाठ होतं. त्याचा अर्थ मात्र नंतर कळला, तोही स्वतःच्या खर्चाने.

एक जण आठचाकी घेऊन आला. दलदलीत टायर रुततात, रबरी ट्रॅक आणलेत, बसवून द्या, म्हणाला. हातात दुसरं काम नव्हतं. "होऊन जाईल," म्हणून मी मोकळा झालो.

दोन दिवस लागले. गाडी ठोकळ्यांवर घेतली, चाकं काढली, ट्रॅक बॉडीला घासू नये म्हणून चाकं बाहेर आणणारे जोड ॲक्सलवर चढवले. चाकं परत लावून टायरांतली हवा काढली. अखंड ट्रॅक चिपटलेल्या टायरांवर पहारीने चढवायचा, आतले गाइड, म्हणजे ट्रॅक जागेवर धरणारे उंचवटे, टायरांच्या दोन्ही अंगांना नीट बसलेत ना ते बघायचं आणि मग थोडी थोडी हवा भरत ट्रॅक ताणायचा. एकट्याने होण्यासारखं काम नाही. झाल्यावर गाडी अशी रुबाबदार दिसत होती की आम्ही फोटोसुद्धा काढले.

चिखलात सरळ गेली. डावीकडे वळवली आणि ट्रॅक निघाला. धाकटा म्हणाला, "दादा, हवा कमी पडली असेल." हवा वाढवली, पुन्हा निघाला. तिसऱ्या खेपेला ट्रॅक राहिला, साखळी तुटली. गुडघाभर चिखलात, ट्रॅकसकट अडकलेली गाडी सोडवायला अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन प्रत्येक टायरचा घेर मोजला. त्या बाजूचा मागचा टायर कधीतरी बदललेला, बाकी तीन झिजलेले. फरक जेमतेम एक सेंटिमीटर. पण घेर दोन मीटरच्या आसपास धरला तर किलोमीटरभरात पाचशे फेरे होतात, आणि तो एक टायर ट्रॅकला पाच मीटर जास्त पुढे ढकलू बघतो. नुसत्या चाकांवर हा फरक जमिनीवर घसरून जिरतो. ट्रॅक घातला की चारही चाकं एकाच पट्ट्यात कोंडली जातात. मग ती ओढाताण साखळीवर येते. साखळीचे पैसे आम्ही मागितले नाहीत. मागायला तोंडच नव्हतं.

तेव्हापासून वही आहे. गाडी आली की सगळ्या टायरांत सारखी हवा भरायची, रात्रभर ठेवायची, सकाळी पुन्हा तपासून घेर लिहायचा. फरक तीन-चार मिलिमीटरच्या पुढे गेला तर टायर बदला, नाहीतर ट्रॅक परत घेऊन जा. या अटीवर काही गिऱ्हाइकं गेली, एक तर चिडून. जाऊ देत. ट्रॅकशिवाय दोन-तीन पीएसआयवर चालणाऱ्या टायरला ट्रॅकसाठी जास्त हवा लागते. किती, ते त्या ट्रॅकच्या पुस्तिकेत बघायचं, अंदाजाने भरायची नाही.

ट्रॅकचा फायदा खराच आहे. पाचशे किलोची गाडी, दोन्ही बाजूंना तेहतीस सेंटिमीटर रुंद ट्रॅक, प्रत्येकाची जमिनीला टेकलेली लांबी एकशे ऐंशी सेंटिमीटर धरा. दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 42 ग्रॅम भार येतो, माणसाच्या पायाखाली याच्या कितीतरी पट असतो. म्हणून जिथे माणूस रुततो तिथून ही गाडी निघून जाते.

पण गिऱ्हाइकाला दुसरी बाजूही आम्ही आधीच सांगतो. चाकं बाहेर सरकली की ॲक्सलच्या बेअरिंगवर तरफेसारखा जोर वाढतो, कोरड्या कडक रस्त्यावर जागच्या जागी वळवलं तर फारच. शक्यतो मोठा वळसा घ्यावा, लो गिअर वापरावा, नाहीतर ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे देणारा पट्टा, तापतो. पहिल्या काही तासांनी साखळ्यांचा ताण आणि ट्रॅकचे बोल्ट बघायला गाडी परत आणावी. आणि ट्रॅकला वजन असतं. तेवढं सामान पाण्यात उतरताना कमी करायचं, कारण गाडी तितकी खोल बसते.

पाण्यातल्या चाचणीचा एक फजितीचा किस्सा आहे. बॉडीत साचलेलं पाणी काढायला तळाचं बूच काढलेलं, लावायचं राहिलं. मी मध्यावर होतो तेव्हा बूट ओले वाटले. आधी वाटलं, वरून उडालं असेल. वळून बघतो तर काठावर धाकटा उभा, हातात बूच.

आता बूच काढलं की ते गाडीच्या किल्लीला तारेने बांधून ठेवतो. बूच जागेवर बसल्याशिवाय किल्ली सुटत नाही.