पेनांगचं जॉर्जटाउन: अर्ध्या पोटी राहा आणि चालत सुटा

मलेशियातल्या जॉर्जटाउनला जाणार असाल तर राहायचं जुन्या भागातच बघा, चुलिया स्ट्रीट किंवा आर्मेनियन स्ट्रीटच्या आसपास, म्हणजे बहुतेक सगळं पायी होतं. 2008 पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे, पण खरं सांगू का, आम्ही तिथे गेलो ते खायला.

'चार क्वे टिओ', म्हणजे कढईत परतलेल्या नूडल्स, पहिल्याच संध्याकाळी खाल्लं. गाडीवाला एका वेळी एकच प्लेट करतो, कढईखाली जाळ भडकलेला, त्यात तांदळाच्या चपट्या नूडल्स, कोळंबी, अंडं, मोड, तिसऱ्यांसारख्या शिंपल्या, सगळं दोन-तीन मिनिटांत परतून समोर. बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी असते, चालत नसेल तर आधी विचारा. प्लेट छोटी असते आणि ते बरंच आहे, कारण दहा पावलांवर पुढची गाडी असते.

आसाम लाक्सा, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या नूडल्स, मात्र आपल्या कोकणातल्या माणसाने चुकवूच नये. बांगड्याचा आंबट-तिखट रस्सा, त्यात चिंच, वर पुदिना, अननस, कांदा आणि कोळंबीची काळी घट्ट पेस्ट. पहिल्या घासाला वास नाकात जातो, तिसऱ्याला सवय होते, मग वाटी चाटूनपुसून साफ.

हॉकर सेंटरला, म्हणजे जिथे खाण्याच्या बऱ्याच गाड्या एकत्र असतात तिथे, आधी टेबल पकडायचं, नंबर लक्षात ठेवायचा, मग गाडीवर जाऊन ऑर्डर द्यायची, ते आणून देतात आणि पैसे तेव्हाच घेतात. सुटे रिंगिट जवळ असू द्या. ड्रिंक्सवाला वेगळा येतो, त्याच्याकडून काहीतरी घ्यायची पद्धत आहे. नुसतं 'कोपी' म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्कवाली गोड कॉफी येते, 'कोपी ओ' म्हणजे साखर घातलेली काळी, बिनसाखरेची हवी तर 'कोपी ओ कोसोंग'. जायफळाचं सरबत पण मागा, आपण श्रीखंडात बी किसून घालतो, हे लोक वरच्या फळाचा गर वापरतात.

शाकाहारी मंडळींचं मुख्य जेवणाखाण्याचं ठिकाण लिटल इंडिया, तमिळ हॉटेलं भरपूर. बाकीकडे भाजीतसुद्धा बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीची पेस्ट, असू शकते.

चालायचं ते सकाळी लवकर किंवा पाचनंतर, दुपारी घामाने जीव जातो. दुकानांखाली सावलीचे पॅसेज आहेत पण मध्येच स्कूटर आणि सामान लावलेलं, सारखं रस्त्यावर उतरावं लागतं. सायकलवरच्या मुलांच्या फेमस भित्तिचित्रापाशी फोटोला रांग असते, आम्ही सोडून दिलं. त्यापेक्षा संध्याकाळी च्यू जेटीवर जा, पाण्यावर खांबांवर उभी लाकडी घरं, लोक अजून राहतात, तेव्हा दारातून डोकावू नका. पाय दुखले तर फेरीची जेटी ते कोमतार ही उंच इमारत अशी फिरणारी कॅट बस फुकट आहे.

एक लक्षात ठेवा, गाड्यांची सुट्टी ज्याची त्याची वेगळी असते, त्यामुळे एकाच गाडीसाठी शेवटचा दिवस राखून ठेवू नका.