लायसन ट्रेनरचं, घोडा मोतद्दाराच्या हातात

रेसच्या घोड्याला तयार करायचं तर लायसन लागतं असं आमच्याकडं सांगितलं की लोक हसतात. बैल पळवायला कोणी कधी लायसन काढलं का म्हणतात. पण खरंच लागतं, आणि ते सरकार देत न्हाई, टर्फ क्लब म्हणजे रेस भरवणारा क्लब देतो. मुंबई-पुण्याला रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, आणि आम्हा नांदेड-लातूरवाल्यांना जवळचं म्हणजे हैदराबाद, मलकपेठचं रेसकोर्स. सरकारचं लायसन असतं ते रेसकोर्सला, महाराष्ट्रात त्याचा कायदा 1912 चा, आणि त्याचं सगळं लक्ष बेटिंगवर. घोड्याचं म्हणाल तर 1960 चा प्राणी क्रूरता कायदा हाय, आणि 2001 च्या नियमांत पब्लिकसमोर पळणारे घोडे पण 'परफॉर्मिंग ॲनिमल' मध्ये येतात म्हणून ॲनिमल वेलफेअर बोर्डाकडं नोंदणी. बाकी कोणाच्या हातात घोडा द्यायचा न् कोणाच्या न्हाई हे क्लबच बघतो.

मला ह्यातलं काय कळायचं कारण न्हाई, पण माझा एक मावसभाऊ रेसच्या तबेल्यात मोतद्दार हाय. कुठल्या शहरात ते लिहीत न्हाई, पोराची नोकरी हाय. तिकडं त्याला सईस म्हणतात. पहाटे चारच्या आधी उठून लीद काढायची, पाय चाचपून बघायचे, घोडा ट्रॅकवरून आला की फिरवून थंड करायचा, अंघोळ, खरारा, चंदी म्हणजे दाणा, पाणी, आणि मग दुपारनंतर परत तेच. घोड्याच्या पायाला गरमी आली का, लीद कमी झाली का, चंदी अर्धी टाकली का हे सगळ्यात आधी त्याला कळतं, डॉक्टरला न् ट्रेनरला नंतर. एकदा तो मला म्हणला, "दादा, घोड्याचा इन्शुरन्स हाय, माझा न्हाई." हसत म्हणला, पण मला काय हसू आलं न्हाई.

आता बघा, रेस किती वेळाची? बाराशे मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आसपास संपती. त्याच्यावर कॅमेरे, स्टुअर्ड म्हणजे रेसचे पंच, डॉक्टर, जिंकलेल्या घोड्याचं लघवी न् रक्त तपासायला जातं, आणि त्यात काय सापडलं तर "मला माहीत नव्हतं" म्हणून ट्रेनरची सुटका होत न्हाई. चाबकावरून तर जगभर भांडण चालूच हाय, ब्रिटनमध्ये 2023 पासून फ्लॅट म्हणजे बिनअडथळ्याच्या रेसला सहापेक्षा जास्त फटके मारले की जॉकीवर कारवाई. हे सगळं चांगलंच हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण ट्रेनिंगमधला घोडा दिवसातले बावीस-तेवीस तास एका खोलीत उभा असतो आणि ते बघायला तिकीट काढून कोणी येत न्हाई.

उभं राहण्यानं काय होतं? घोडा हा दिवसभर थोडं थोडं चरणारा प्राणी, त्याच्या पोटात ॲसिड चोवीस तास बनतच राहतं, खाल्लं काय न् न खाल्लं काय. त्याला ताकदीसाठी चंदी भरपूर दिली आणि गवत कमी टाकलं, वर रोज जोरात पळवलं, की पोटात अल्सर होतात, आणि रेसच्या तबेल्यांत तपासलं तर दहातल्या आठ-नऊ घोड्यांना ते सापडतात असं डॉक्टर लोक कधीचं सांगायलेत. रोज वजनाच्या निदान दीड टक्का कोरडा चारा पाहिजे, म्हणजे पाचशे किलोच्या घोड्याला साडेसात किलो. घोड्याला उलटी करता येत न्हाई, म्हणून पोटशूळ उठला की जिवावरच बेततं. दाराची चौकट चावणं, जागच्या जागी डुलणं ह्याला आपण "खोड हाय त्याची" म्हणून सोडून देतो, ती बऱ्याचदा डांबून ठेवल्याची निशाणी असती.

म्हणून माझं म्हणणं असं की लायसनची खरी परीक्षा तबेल्यात घ्यायला पाहिजे, न सांगता येऊन. चारा किती, हवा कशी, एका मोतद्दाराकडं किती घोडे, औषधाचं रजिस्टर खरं का रात्री बसून भरलेलं. ब्रिटनमध्ये लायसन मागणाऱ्या ट्रेनरला कोर्स करावा लागतो आणि त्याचा तबेला पण बघून जातात, आणि तिथं 2007 पासून हे काम ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटी नावाची वेगळी संस्था करती. आपल्याकडं रेस भरवणारा क्लब आणि लायसन देणारा क्लब एकच. घोडे कमी झाले की रेस कमी, रेस कमी की कमाई कमी, मग मोठ्या ट्रेनरवर हात टाकताना हात थरथरणार न्हाई का, तुम्हीच सांगा.

मोठ्यावर हात टाकता येतो हे आयर्लंडनं दाखवलं. गॉर्डन इलियट म्हणजे तिथला एकदम टॉपचा ट्रेनर, 2021 मध्ये त्याचा एक फोटो बाहेर आला, मेलेल्या घोड्यावर बसून हा फोनवर बोलतोय. फोटो त्याच्याच ट्रेनिंगच्या जागेवरचा, रेसकोर्सवरचा न्हाईच. तरी एक वर्षाची बंदी बसली, त्यातले सहा महिने स्थगित ठेवले ते सोडा.

आमच्या शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, उलटं हाय. 18 मे 2023 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती कायम केल्या, कलेक्टरची परवानगी लागती, काठी-चाबूक बंद, डॉक्टर बैल तपासतो. पण ही परवानगी त्या एका दिवसाची. बाकी वर्षभर बैल कोणाच्या दावणीला हाय, त्याला काय टोचतेत, हे विचारायला कोणी नसतं. मालकाला न् हाकणाऱ्याला पण लायसन करा म्हणलं की गावात माझ्यावरच ओरडतात, ओरडू द्या.

बाकी माळेगावच्या यात्रेत हेडी लोक, म्हणजे जनावरांचे व्यापारी, "रेसचा रिटायर माल" म्हणून घोडे दाखवतात, कोणी घेणार असाल तर अंगावरचे केसांचे भोवरे बघून झाल्यावर पासपोर्ट, म्हणजे घोड्याचं ओळखपत्र, पण मागा. त्यावर पण भोवरे काढलेले असतात बरं का, शुभ-अशुभ बघायला न्हाई, हाच तो घोडा का हे ओळखायला. चिप असली तर नंबर जुळवून घ्या, ग्लँडर्सचा रक्ताचा रिपोर्ट मागा, तो रोग माणसाला पण होतो. आणि घरी आणल्या आणल्या हरभऱ्याच्या चंदीचा मारा करू नका. आधी कोरडं गवत, चंदी हळूहळू, आणि दिवसातून काही तास तरी मोकळा सोडा.