पोट भरलेलं, मेंढी उपाशी

डिसेंबरातली सकाळ, अजून सात वाजले नव्हते. फोन आबांचा. "डॉक्टर, दोन मेंढरं पडल्यात. उठवली तरी उठंनात. लगोलग या."

माण तालुक्यात पशुवैद्यक म्हणून मला आता बरीच वर्षं झाली. आबांनी असं घाईनं कधी बोलावलेलं नव्हतं.

आबांच्या वडिलांची, आज्याची खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, दिवाळी झाली की कोकणात उतरायची. तिकडं भात कापून झालेलं असतं. शेतात मेंढरं बसवली की लेंडीखताच्या बदल्यात धान्य मिळतं आणि मेंढरांच्या तोंडाला ओला पाला लागतो. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून आबा निघत नाहीत, नातवंडंही शाळेत आहेत, त्यामुळे हिवाळा इथंच. याच काळात आणखी एक बदल झाला. चार वर्षांपूर्वी त्यांनी नारी सुवर्णा जातीचा मेंढा आणला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गारोल मेंढीतलं जुळं देणारं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणून ही जात तयार केली. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं, पण या मेंढ्याच्या लेकी जुळी द्यायला लागल्या. वाड्यावर सगळेच खूश होते.

पोहोचलो तेव्हा एक मेंढी मान मागे टाकून आभाळाकडे बघत पडली होती. डोळ्यासमोर बोट नेलं तरी पापणी हलेना. दात करकर वाजत होते. दुसरी उभी राहू शकत होती, पण वाघरीला, म्हणजे जाळीच्या कुंपणाला, डोकं टेकून. आबांना आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होणाऱ्या रोगाची, शंका होती. मला दुसरीच आली. दोघी शेवटच्या महिन्यातल्या गाभण होत्या.

मेंढीचं नाकतोंड क्षणभर दाबून धरलं की ती मुतते. आबांच्या सुनेनं बाटलीचं टोपण धरलं, चार थेंब मिळाले. लघवी तपासायची पट्टी बुडवली आणि मिनिटभरात ती गर्द जांभळी झाली. म्हणजे गर्भातल्या कोकरांना साखर पुरवता पुरवता मेंढी स्वतःच्या अंगातली चरबी जाळत होती.

"उपाशी कशी म्हणता?" आबा दुखावून म्हणाले. "गंजीचा कडबा टाकतोय की रोज. पोट बघा तिचं."

पोट खरंच टम्म होतं. पण मी त्यांचा हात धरून तिच्या कमरेवर, लोकरीच्या आत घातला. मणके करवतीच्या दात्यांसारखे हाताला लागले. आबा काही बोलले नाहीत. हात मात्र तिथंच राहिला.

पहिली दुपारी गेली. आबांना विचारून मी पोट उघडलं. आत दोन पुरी वाढलेली कोकरं, दोन्ही माद्या. कोठा, म्हणजे चारा साठून आंबतो तो पोटाचा मोठा कप्पा, कडब्यानं ठासून भरलेला. यकृत पिवळं पडलेलं, बोटानं दाबलं की भुगा होत होता. नोव्हेंबरात जंताचं औषध पाजायला आलो होतो, तेव्हा हीच शाळूच्या कडब्याची गंजी बघून मी म्हणालो होतो, "आबा, यंदा काळजी नाही." ते बोलणं मला आजही टोचतं. कडब्यात प्रथिनं जेमतेम चार टक्के, आणि त्यानं जागाच फार अडते. जुळं पोटात असलं की कोठ्याला जागा उरत नाही. कोकराचं बहुतेक वजन शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतं. मेंढीला सर्वांत जास्त लागतं तेव्हाच तिच्या पोटात सर्वांत कमी मावतं.

दुसरीला शिरेतून ग्लुकोज दिलं आणि अंगात साखर तयार व्हावी म्हणून प्रोपिलिन ग्लायकॉल हे औषध पाजलं. मग सगळ्या ४२ गाभण मेंढ्या एकेक करून धरल्या, कमरेवरून हात फिरवला. मणके टोचत होते त्यांच्या पाठीवर सूनबाईंनी गेरूचा पट्टा ओढला. अशा १२ निघाल्या. त्यांना वेगळी वाघर लावली. खुराक पहिल्यांदा यांना.

"मी मूठभर मका देतोच की," आबा म्हणाले. तालुक्याच्या बाजारात पेंडीच्या दुकानात गेल्यावर मी त्यांना ती मूठ तराजूत टाकायला लावली. काटा ६० ग्रॅमवरही पोचला नाही. पोटात एकच कोकरू असलेल्या मेंढीचं त्यात कसंबसं निभलं असतं.

दुकानदार सरकी पेंड पुढं करत होता, कारण पोतं स्वस्त. सरकीत प्रथिनं बावीस टक्क्यांच्या आसपास, शेंगदाणा पेंडीत चाळीसच्या वर. पोत्याचा भाव बघितला तर सरकी, प्रथिनाचा भाव काढला तर शेंगदाणा. पण त्याच्या शेंगदाणा पेंडीची खाप मोडली तर आतून हिरवट बुरशी, कुबट वास. गाभण जनावराला अशी पेंड म्हणजे विष, ती फुकट दिली तरी घेऊ नये. दुसऱ्या दुकानात कोरडी, खमंग वासाची मिळाली. मिश्रण ठरलं ते असं: १०० किलोला ६० किलो मक्याचा भरडा, २० शेंगदाणा पेंड, १७ गव्हाचा कोंडा, २ खनिज मिश्रण आणि १ मीठ. प्रथिनं साधारण सोळा टक्के. तरी यात भर मक्याचाच, कारण त्या मेंढ्यांना आधी ताकद हवी होती.

परत येताना आबा एकदम भरपूर घालायचं म्हणत होते. त्यांची तगमग मला समजत होती. पण उपाशी मेंढीला अचानक दाणा भरपूर मिळाला तर कोठ्यात आंबून ती त्यानंच मरते. म्हणून पहिल्या दिवशी ५० ग्रॅम, मग वाढवत वाढवत बारा दिवसांत २५० ते ३०० ग्रॅम, दोन वेळेला वाटून, आणि आधी तुरीचं भुसकट चारून. घरातला चहाचा पितळी पेला आम्ही दुकानातच मोजून घेतला होता. काठोकाठ भरला की दीडशे ग्रॅम.

डोकं टेकून उभी असलेली मेंढी सहाव्या दिवशी व्यायली. एक कोकरू मेलेलं निघालं, दुसरं जगलं. गेरूच्या १२ पैकी ११ धड व्यायल्या, त्यातल्या सात जणींना जुळी. बारावीचं दूध आटलं, तिची कोकरं सूनबाईंनी शेळीच्या दुधावर वाढवली.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला आबांचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा काही घडलं. ते म्हणाले, "मका भरून ठेवलीय. मी हात फिरवून सोळा येगळ्या काढल्यात. पर तुमीबी एकदा येऊन हात फिरवा."

दुसऱ्याच दिवशी गेलो. मला आणखी दोन सापडल्या.