आमची वाटचाल: गेजचं कपाट उघडलं तेव्हापासून

सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या कातण्याच्या यंत्रावर) बुश आणि स्लीव्ह, म्हणजे आत भोक असलेली धातूची नळकांडी, आणि पंपाचे सुटे भाग करणारं आमचं चौदा जणांचं युनिट आहे. बरी चाललेली वर्षं सांगत बसत नाही. सांगण्यासारखी आहे ती 372 बुश भंगारात गेले ती रात्र आणि तिच्यानंतर बदललेली कामाची पद्धत.

बुशाचा बोअर, म्हणजे आतलं भोक, 40 एच7 हवा होता. एच7 ही मापात किती सूट चालेल त्याची खूण, म्हणजे इथे 40.000 ते 40.025 मिमी. इन्सर्ट, म्हणजे कापणारी बदलती टिकली, झिजत गेला की बोअर लहान येऊ लागतो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायच्या मशीनमधल्या आकड्यात, थोडं थोडं वाढवत जातो. त्या दिवशी पहिल्या पाळीत असे एकूण 0.03 मिमी भरले गेले. रात्रपाळीने नवा इन्सर्ट लावला, पण ऑफसेट शून्य केला नाही. मशीन बोअर 40.042 च्या आसपास काढत राहिलं. लहान बोअर पुन्हा फिरवून वाचवता येतो, मोठा झालेला भंगारातच जातो.

सगळे म्हणाले ऑपरेटर निष्काळजी. ते खोटं आहे. पृष्ठभागाची चमक बदललेली त्याला दिसली होती. पण बोअर मापात आहे का ते तपासायचे गेज, गो आणि नो-गो प्लग, तपासणी खोलीच्या कपाटात कुलपात होते, किल्ली सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर घरी. मशीन थांबवायला परवानगी लागायची आणि थांबलेल्या मशीनचा हिशेब सकाळी ऑपरेटरलाच द्यावा लागायचा. अशा जागी शहाणा माणूस मशीन चालूच ठेवतो. कुलूप मालकाने लावलं होतं, म्हणजे दोषही मालकाचाच.

त्याच आठवड्यात एका स्पर्धकाने आमचे दोन्ही सेटर, म्हणजे मशीनवर काम लावून देणारे कारागीर, नेले. माणसं जातात, त्याचं दुःख नाही. पण आमच्या ग्राहकांना फोन करून ‘ते आता संपले, त्यांच्या ऑर्डरी आम्हाला द्या’ असं सांगितलं गेलं, ते आम्ही विसरलेलो नाही. खरं नुकसान वेगळंच होतं. सॉफ्ट जॉ (नग पकडणारे मऊ जबडे) किती व्यासाला बोअर केलेत, चक प्रेशर (पकडीचा दाब) किती, बोरिंग बार (टोकाला इन्सर्ट असलेला, बोअर कापणारा दांडा) किती बाहेर काढायचा, हे सगळं त्या दोघांच्या डोक्यात होतं. कागदावर काही नव्हतं.

आम्हाला तारलं ते पंप करणाऱ्या एका ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याने. त्याने ऑर्डर रद्द केली नाही, 50-50 नगांचे तुकडे केले आणि प्रत्येक नगाचं माप लिहून मागितलं. शिवाय एक अट घातली. माप ज्याने घेतलं त्यानेच त्यांच्या तपासनिसाशी थेट बोलायचं, मधे मालक नको. सुरुवातीला ते अपमानासारखं वाटलं. पण दुसऱ्याच तुकड्याला आमच्या ऑपरेटरने फोनवर विचारून घेतलं की चॅम्फरवरची (तिरक्या कडेवरची) बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कुस, त्यांना असेंब्लीत नडते का. तोवर आमच्याकडून तो प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

मग पद्धत बसवली. गेज मशीनशेजारी लाकडी खाचेत ठेवले. दर पाचवा जॉब, म्हणजे नग, ऑपरेटर स्वतः तपासतो, पण जॉब निवल्यावरच. 40 मिमीचा स्टीलचा बुश 10 अंशांनी गरम असला तर साडेचार मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) आसपास मोठा भरतो आणि 25 मायक्रॉनच्या पट्ट्यात तेवढं पुष्कळ झालं. इन्सर्ट बदलला की ऑफसेट शून्य करायचा, मग मुद्दाम 0.10 लहान बोअर काढायचा, मापायचा, फरक भरायचा आणि तोच जॉब पुन्हा फिरवायचा. दुसरा जॉबही मापायचाच. हलक्या कापाला बार कमी वाकतो, पूर्ण कापाला जास्त, त्यामुळे पहिल्याचं माप दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

मशीन थांबवायचा हक्क सगळ्यांना दिला, नवशिक्यालाही. ही काही आमची अक्कल नाही. साकिची टोयोडांच्या 1924 च्या स्वयंचलित मागाला धागा तुटला की थांबायचं कळत होतं, आणि पुढे टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या हाती काम थांबवायची दोरी आली ती त्याच विचारातून. दोरी बांधणं सोपं आहे. अवघड आहे ती पहिल्या महिन्यातली मालकाची जीभ. मशीन विनाकारण थांबलंय असं दिसलं तरी ‘कशाला थांबवलंस?’ म्हणायचं नाही, ‘काय दिसलं?’ असं विचारायचं. एकदा जरी ओरडलात तरी पुढे कुणी बटणाला हात लावणार नाही.

पाळी बदलताना दहा मिनिटं दोन्ही ऑपरेटर मशीनपाशी उभे राहतात. किती ऑफसेट भरला, इन्सर्टची कितवी धार चालू आहे, शेवटच्या तीन नगांची मापं काय, हे वहीत लिहून दोघं सही करतात. सकाळच्या बैठकीत सगळ्यात नवा माणूस आधी बोलतो, मालक शेवटी. मालक आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात आणि बैठक तिथेच संपते. सूचना आली की आठवड्याच्या आत उत्तर द्यायचं. नकार असेल तर कारणासकट फळ्यावर लिहायचा.

सेटअप शीट, म्हणजे मशीन कसं लावायचं त्याचा कागद, आता काम करणाराच लिहितो आणि दुसऱ्याने फक्त ती वाचून सेटिंग लावून दाखवलं तरच ती पास होते. स्टीलचा बोरिंग बार असेल तर त्याच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर नाही, हे पहिल्याच ओळीत. भिंतीवर कौशल्यांचा तक्ता आहे: शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, शिकवतो. कोणत्याही मशीनवर ‘एकटा करतो’ची निदान तीन नावं हवीत. दोनच उरली की शिकवणी आधी, नवी ऑर्डर नंतर.

लहान युनिटवाल्यांना एक सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. नगावर वैयक्तिक इन्सेंटिव्ह ठेवू नका. शेजाऱ्याला शिकवण्यात गेलेला अर्धा तास मग ज्याच्या त्याच्या खिशातून जातो आणि शिकवणं बंद पडतं. आम्ही तो पूर्ण लॉट बिनतक्रार गेल्यावर देतो, सगळ्यांना सारखा.

गेलेल्या दोघांपैकी एक सेटर पुढे परत यायचं म्हणाला. निर्णय टीमवर सोडला. त्यांनी घेतलं, पण आधी त्याच्या हातच्या अकरा सेटिंगच्या शीट लिहून घेतल्या. तक्त्यावर त्याचं नाव ‘देखरेखीखाली’च्या रकान्यात गेलं आणि देखरेखीला होता तोच रात्रपाळीचा ऑपरेटर.